वर्गसमीकरणाची संमिश्र मुळे आलेखात नेमकी कुठे असतात?

धागालेखक

गेल्या महिन्यापासून मी माझ्या भाचीला वर्गसमीकरणे शिकवत आहे. सूत्र तिला पाठ झाले आहे आणि विवेचकावरून (ब² − ४अक या राशीवरून) मुळांचे स्वरूपही ती चटकन ओळखते. विवेचक धन असला की दोन वेगळी वास्तव मुळे, शून्य असला की दोन्ही समान, आणि ऋण असला की वास्तव मुळे नाहीत, हे तीन नियम सांगताना ती अडखळत नाही. म्हणून पुढची पायरी म्हणून आम्ही आलेख काढायला घेतले. य = क्ष² − ६क्ष + ५ या फलाचा अन्वस्त (वाटीच्या आकाराचा वक्र) क्ष-अक्षाला १ आणि ५ येथे छेदून गेला. य = क्ष² − ६क्ष + ९ याचा अन्वस्त ३ येथे अक्षाला नुसता टेकला. इथपर्यंत सूत्र आणि चित्र हातात हात घालून चालले होते.

तिसरा आलेख य = क्ष² − ६क्ष + १३ याचा होता. तो काढून झाल्यावर ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मामा, हा तर वरच राहिला. सूत्राने मला ३ + २आय आणि ३ − २आय अशी मुळे दिली. त्यातला ३ मला दिसतो, कारण वक्राचा तळ बरोबर ३ च्या डोक्यावर आहे. पण २ कुठे आहे?" (√−१ साठी मी येथे 'आय' असे लिहितो.) मी तिला सांगितले की संमिश्र मुळे आलेखात दिसत नसतात. ते उत्तर तोंडातून बाहेर पडताक्षणीच मला अपुरे वाटले, कारण दोन्ही मुळे त्याच तीन सहगुणकांतून निघतात ज्यांतून तो वक्र निघतो. मग वक्राला त्यांची काहीच खूण नसावी, हे मनाला पटत नाही.

तिने अक्षापासून तळापर्यंतच्या चौकटी मोजल्या तेव्हा त्या ४ भरल्या. हे ४ आणि सूत्रातले २ यांचा काही संबंध आहे, की हा योगायोग आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. सूत्र मला येते, मला चित्र हवे आहे.

प्रतिसाद १

योगायोग मुळीच नाही, आणि तुमच्या भाचीने चौकटी मोजल्या हे मला फार आवडले. पूर्ण वर्ग पद्धतीने लिहिले की तुमचे फल य = (क्ष − ३)² + ४ असे होते. शिरोबिंदू, म्हणजे वक्राचा तळ, (३, ४) येथे आहे. य शून्य व्हायचा असेल तर (क्ष − ३)² हे −४ इतके असायला हवे, म्हणजे क्ष − ३ = ±२आय. याचा अर्थ काल्पनिक भाग, म्हणजे आयसोबतचा आकडा, हा शिरोबिंदूच्या उंचीचे वर्गमूळ आहे. वास्तव मुळांच्या बाबतीतही हेच घडते. तुमच्या पहिल्या आलेखाचा शिरोबिंदू (३, −४) येथे, अक्षाच्या ४ एकक खाली आहे, आणि मुळे ३ पासून दोन्ही बाजूंना २ अंतरावर, १ आणि ५ येथे आहेत. एकाचा तळ जितका खाली तितकाच दुसऱ्याचा वर, आणि दोन्हींत २ हाच आकडा येतो. फरक इतकाच की एकदा तो आयशिवाय येतो आणि एकदा आयसह.

मात्र येथे एक इशारा द्यायलाच हवा. मुलांना समजावताना अनेक जण क्ष² + १ हे उदाहरण घेतात. त्यात उंची १ आणि तिचे वर्गमूळही १, त्यामुळे मुलांचा समज होतो की उंची हाच काल्पनिक भाग. तुमच्या उदाहरणात ४ आणि २ वेगळे असल्यामुळे तो गैरसमज टळला. दुसरी चूक याहून खोल आहे. य = २क्ष² − १२क्ष + २६ हा आलेख काढून पाहा. हा २(क्ष − ३)² + ८ आहे, त्याचा तळ ८ एकक उंचीवर आहे, आणि तरीही मुळे तीच, ३ ± २आय. म्हणजे नुसत्या उंचीवरून काही ठरत नाही, अन्वस्त किती अरुंद किंवा पसरट आहे हेही पाहावे लागते. सामान्य रूपात य = अ(क्ष − म)² + न असेल आणि अ व न दोन्ही धन असतील, तर काल्पनिक भाग √(न/अ) इतका असतो.

कागदावर हे दिसावे असे वाटत असेल तर एक जुनी रीत आहे. शिरोबिंदू तिथेच ठेवून अन्वस्त उलटा करा, म्हणजे य = −(क्ष − ३)² + ४ हा वक्र काढा. तो अक्षाला १ आणि ५ येथे छेदतो. आता (३, ० ) हा मध्य धरून त्या दोन बिंदूंना काटकोनातून फिरवा. क्ष-अक्ष हाच वास्तव अक्ष आणि त्याला लंब असलेली दिशा काल्पनिक, असे मानले की ते दोन बिंदू ३ + २आय आणि ३ − २आय यांच्या जागी येऊन बसतात.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातील गणित अचूक आहे, पण उलट्या अन्वस्ताच्या रीतीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. शाळेत मलाही ती शिकवली गेली होती आणि मी ती अनेक वर्षे वापरली, मात्र ती का चालते हे मला कोणी सांगितले नाही. उलटा काढलेला वक्र हा मूळ फलाचा आलेखच नव्हे. एका फलाची मुळे हवी असताना आपण दुसऱ्याच फलाची मुळे काढतो, त्यांना फिरवतो आणि म्हणतो की हीच ती. विचार करणारे मूल "असे का?" हे विचारणारच, आणि त्या वेळी "उत्तर बरोबर येते" एवढेच आपल्या हाती असेल तर आपण त्याला चित्र दिले असे म्हणता येणार नाही. एका गूढाच्या जागी दुसरे गूढ ठेवले, इतकेच.

प्रतिसाद ३

हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर इतके सुंदर आहे की ते सावकाश लिहितो.

आपण आलेख काढतो तेव्हा क्ष च्या जागी फक्त वास्तव संख्या ठेवतो. ही अट आपण स्वतःच घातलेली असते, फलाने घातलेली नसते. क्ष संमिश्रही असू शकतो असे मानू या आणि क्ष = प + फआय असे लिहू या, जेथे प आणि फ या वास्तव संख्या आहेत. तुमच्या फलात हे ठेवून सोडवले तर

य = (प − ३)² − फ² + ४ + २(प − ३)फआय

असे मिळते. सर्वसाधारणपणे हा य सुद्धा संमिश्र असतो, आणि दोन संमिश्र संख्यांचे नाते पूर्णपणे काढायला चार मिती लागतात, ज्या आपल्यापाशी नाहीत. पण आपल्याला सगळा आलेख नकोच आहे. मुळाशी य शून्य असतो, आणि शून्य ही वास्तव संख्या आहे. म्हणून ज्या ज्या क्ष साठी य वास्तव येतो तेवढाच भाग पाहिला तरी कोणतेही मूळ आपल्या नजरेतून सुटणार नाही.

य वास्तव केव्हा येतो? शेवटचे पद २(प − ३)फआय नाहीसे झाले की. ते दोनच प्रकारे होऊ शकते. फ = ० असेल तर क्ष वास्तव आहे आणि आपला ओळखीचा अन्वस्त मिळतो. प = ३ असेल तर उरते य = ४ − फ². हा दुसरा अन्वस्त आहे. त्याचे तोंड खाली आहे, त्याचा शिरोबिंदू पहिल्याच्याच शिरोबिंदूवर आहे, आणि तो कागदात नाही तर कागदाला लंब असलेल्या प्रतलात आहे, सममितीच्या अक्षातून जाणाऱ्या. फ = २ आणि फ = −२ येथे त्याची उंची शून्य होते. तीच आपली दोन मुळे.

आता उलट्या अन्वस्ताच्या रीतीकडे पुन्हा पाहा. तो उलटा वक्र उसना आणलेला नाही. तो याच फलाचा, काटकोनात उभा असलेला दुसरा भाग आहे, आणि ती रीत त्याला ९० अंशांतून वळवून कागदावर आडवा पाडते. म्हणून शेवटी मुळांना ९० अंशांतून परत फिरवावे लागते.

हा दुसरा अन्वस्त वास्तव मुळे असतानाही असतो, हे येथेच लक्षात घ्यावे. क्ष² − ६क्ष + ५ च्या बाबतीत तो −४ उंचीवरच्या शिरोबिंदूपासून आणखी खाली जातो, त्यामुळे शून्य उंचीला कधीच पोहोचत नाही. दोन भागांपैकी एक वर जातो आणि एक खाली. शिरोबिंदू शून्याच्या खाली असेल तर वर जाणारा भाग शून्याला भेटतो, वर असेल तर खाली जाणारा भेटतो, आणि नेमका शून्यावर असेल तर दोन्ही तिथेच भेटलेले असतात. प्रत्येक वर्गसमीकरणाला दोन मुळे असतात, हे विधान या चित्रात डोळ्यांनी पाहता येते.

धागालेखक

आपला प्रतिसाद काल रात्री दोनदा वाचला आणि आज सकाळी आम्ही दोघांनी तो हातांनी करून पाहिला. १ एकक म्हणजे १ सेंटिमीटर असे प्रमाण धरून कागदावर अन्वस्त पुन्हा काढला. जाड पुठ्ठ्यावर य = ४ − फ² हा वक्र काढून कापला, त्याचे सममितीच्या अक्षावरून दोन तुकडे केले, आणि एक तुकडा कागदावर क्ष = ३ या रेषेवर उभा चिकटवला. शिरोबिंदूपाशी पुठ्ठ्याची कड कागदाला टेकते आणि तिथून अक्षाकडे येताना ती वर वर चढत जाते. अक्षाच्या बरोबर वर पोहोचते तेव्हा ती कागदापासून २ सेंटिमीटर उंच असते. भाचीने (३, ०) येथे एक टाचणी उभी टोचली, तिचे डोके पुठ्ठ्याच्या कडेशी जुळेपर्यंत ती खाली दाबली, आणि पट्टी लावून उंची मोजली. मग म्हणाली, "म्हणजे २ कागदात नव्हताच, तो कागदाच्या वर होता." दुसरा तुकडा कागदाच्या खालच्या बाजूला असायला हवा, हेही तिने आपणहून सांगितले, आणि ३ − २आय हे मूळ टेबलाच्या आत गेले आहे असे तिचे म्हणणे आहे.

एक शंका राहिली. परीक्षेत पुठ्ठा नेता येत नाही. समोर फक्त मूळ आलेख छापलेला असेल, समीकरण दिलेले नसेल, तर नुसत्या पट्टीने मुळे वाचता येतील का?

प्रतिसाद १

येतील, आणि दुसरा वक्र काढण्याचीही गरज नाही. शिरोबिंदूची उंची मोजा, ती दुप्पट करा आणि त्या उंचीवर एक आडवी रेषा ओढा. तुमच्या आलेखात उंची ४ आहे, म्हणून रेषा ८ वर येईल. ती अन्वस्ताला (१, ८) आणि (५, ८) येथे छेदते, आणि मधल्या ३ पासून दोन्ही छेदनबिंदू २ अंतरावर आहेत. काल्पनिक भाग २. कारण साधे आहे: शिरोबिंदूपासून उंची आणखी न इतकी वाढायला क्ष ने जेवढे सरकावे लागते, ते अंतर म्हणजेच √(न/अ). अन्वस्त अरुंद असो की पसरट, पट्टी तो हिशेब आपोआप करते. दोन्ही अक्षांवरचे प्रमाण वेगवेगळे असले तरी ही रीत बिघडत नाही, कारण उभे अंतर उभ्याशी आणि आडवे आडव्याशीच ताडले जाते.

आणखी एक गोष्ट पाहा. शिरोबिंदूच्या पायथ्यापासून, म्हणजे (३, ०) पासून, अन्वस्ताला दोन स्पर्शिका काढा. त्या वक्राला त्याच दोन बिंदूंत, (१, ८) आणि (५, ८) येथे स्पर्श करतात. त्यांचे चढ ४ आणि −४ आहेत. तुमच्या समीकरणाचा विवेचक ३६ − ५२ = −१६ आहे. वास्तव मुळे असतात तेव्हा मुळांपाशी वक्राचा चढ ± विवेचकाचे वर्गमूळ इतका असतो. येथे विवेचकाचे चिन्ह बदलून वर्गमूळ घेतले की स्पर्शिकांचा चढ मिळतो. मला स्वतःला हे जेव्हा पहिल्यांदा दिसले तेव्हा मी ते पाच-सहा समीकरणांवर ताडून पाहिले होते, कारण विश्वासच बसत नव्हता.

प्रतिसाद ४

या चर्चेत एक जुने उदाहरण चपखल बसते. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात स्पष्ट लिहिले होते की ऋण संख्येला वर्गमूळ नसते, कारण ती वर्गसंख्या नसते. पुढे १५४५ साली इटलीत गणितज्ञ कार्दानो यांनी एक प्रश्न मांडला: १० चे असे दोन भाग करा की त्यांचा गुणाकार ४० येईल. त्यांनी सूत्राप्रमाणे ५ + √−१५ आणि ५ − √−१५ हे भाग काढले, गुणाकार करून ४० येतो हे दाखवले, आणि तरीही या उत्तराचा काही उपयोग नाही असेच त्यांचे मत राहिले.

आता याचा आलेख पाहा. एक भाग क्ष धरला तर गुणाकार य = क्ष(१० − क्ष) होतो. हा खाली तोंड असलेला अन्वस्त आहे आणि त्याचा माथा (५, २५) येथे आहे. १० चे कसेही दोन वास्तव भाग केले तरी गुणाकार २५ च्या पुढे जाऊ शकत नाही. ४० ची आडवी रेषा माथ्याच्या वर १५ एकक अंतरावर आहे, आणि कार्दानो यांच्या उत्तरातले १५ म्हणजे हेच अंतर. त्यांच्यापाशी हे चित्र नव्हते, कारण निर्देशक भूमितीची देकार्त यांची मांडणी १६३७ साली आली, आणि संमिश्र संख्या प्रतलावर बिंदू म्हणून दाखवण्याची कल्पना वेसेल यांनी १७९७ साली व आर्गां यांनी १८०६ साली मांडली. तुमच्या भाचीने टाचणीने जे केले त्याला अडीचशे वर्षे लागली होती.

प्रतिसाद ३

मला स्थिर चित्रापेक्षा हलणारे चित्र अधिक शिकवून जाते, म्हणून एक प्रयोग सुचवतो. क्ष² − ६क्ष + क मध्ये क हळूहळू वाढवत न्या आणि शेजारी दुसऱ्या कागदावर मुळे संमिश्र प्रतलात नोंदवत जा. क ५ असताना मुळे १ आणि ५, ८ असताना २ आणि ४, ९ असताना दोन्ही ३, मग १० असताना ३ ± आय, १३ असताना ३ ± २आय, १८ असताना ३ ± ३आय. डावीकडे अन्वस्त सरळ वर उचलला जातो आणि उजवीकडे दोन मुळे वास्तव अक्षावरून एकमेकांकडे सरकतात, ३ वर भेटतात आणि काटकोनात वळून एक वर व एक खाली निघून जाते. मुळे अनुबद्ध जोडीनेच (३ + २आय आणि ३ − २आय अशी) का येतात, हे येथे सांगावे लागत नाही. बेरीज ६ राहायलाच हवी, त्यामुळे एक वर गेले की दुसऱ्याला तेवढेच खाली जावे लागते.

भेटीच्या जागेजवळ सावध राहावे. क्ष² − ४क्ष + ४.०१ याचा आलेख संगणकावर काढला तर तो अक्षाला टेकल्यासारखाच दिसेल. तळ अक्षापासून फक्त ०.०१ वर आहे, जे अंतर रेघेच्या जाडीत हरवते. पण मुळे २ ± ०.१आय आहेत, म्हणजे तळाच्या उंचीच्या दहापट दूर. ४.०१ च्या जागी ३.९९ ठेवले तर चित्र तसेच दिसते आणि मुळे १.९ व २.१ होतात. १ हून लहान धन संख्येचे वर्गमूळ तिच्याहून मोठे असते, म्हणून स्थिरपदातला बारीकसा बदल मुळांना बराच हलवतो. "टेकलेला दिसतो, म्हणजे समान मुळे" हा निष्कर्ष नुसत्या डोळ्यांवर विसंबून काढू नये, तेथे विवेचकच काढावा.

आता क स्थिर ठेवून मधला सहगुणक बदला: क्ष² + बक्ष + ९. सगळे अन्वस्त (० , ९) मधून जातात. मुळांचा गुणाकार नेहमी ९ असतो, आणि अनुबद्ध जोडीचा गुणाकार म्हणजे आरंभबिंदूपासूनच्या अंतराचा वर्ग. म्हणून ब हा −६ आणि ६ यांच्या दरम्यान असेपर्यंत मुळे ३ त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत राहतात. ब −६ च्या खाली गेला की ती वर्तुळ सोडून वास्तव अक्षावर येतात, उदाहरणार्थ ब = −१० असताना १ आणि ९ वर. या साऱ्या काळात शिरोबिंदू कोणत्या वाटेने जातो हे नोंदवलेत तर ती वाट य = ९ − क्ष² निघेल. पुन्हा एक उलटा अन्वस्त.

धागालेखक

वर्तुळाचा प्रयोग आम्ही ब चे नऊ आकडे घेऊन केला. ब = −४ असताना मूळ २ + √५आय येते. तिने ४ आणि ५ मिळवून ९ होतात हे तोंडी पाहिले आणि मगच कंपास फिरवला. ठिपके वर्तुळावर बसले.

आता तिचा पुढचा प्रश्न, ज्याचे उत्तर मला सुचले नाही: त्रिघाती समीकरणाला एक वास्तव मूळ आणि दोन संमिश्र मुळे असतील, तर तीही आलेखावरून पट्टीने वाचता येतील का?

प्रतिसाद १

येतील, आणि तुम्हाला नवे उदाहरणही शोधावे लागणार नाही. तुमच्या वर्ग बहुपदीला (क्ष − १) ने गुणा, म्हणजे य = क्ष³ − ७क्ष² + १९क्ष − १३ मिळेल. हा वक्र अक्षाला फक्त १ येथे छेदतो. (१, ०) या बिंदूवर पट्टी टेकवा आणि ती फिरवत फिरवत वक्राला दुसरीकडे कुठे स्पर्श करते ते पाहा. स्पर्श (३, ८) येथे होतो. स्पर्शबिंदूचा क्ष-निर्देशक ३ हा वास्तव भाग, आणि स्पर्शिकेचा चढ ८ ÷ २ = ४ हा काल्पनिक भागाचा वर्ग.

कारण दोन ओळींचे आहे. (१, ०) मधून जाणारी च चढाची रेषा य = च(क्ष − १) आणि वक्र यांचे छेदनबिंदू काढताना (क्ष − १) हा समान अवयव गळतो आणि (क्ष − ३)² + ४ = च एवढेच उरते. रेषा स्पर्शिका असायची तर याला समान मुळे हवीत, आणि ती च = ४ असतानाच मिळतात, क्ष = ३ येथे.

धागालेखक

करून पाहिले. जुन्या कागदावरचा पुठ्ठा काढून टाकला, कारण तो या वक्राचा नव्हता, आणि त्याच अक्षांवर नवा वक्र हिरव्या शाईने काढला. पट्टी ३ च्या वर, ८ उंचीवर टेकली. टाचणी मात्र (३, ०) येथे होती तशीच उभी आहे, तेवढ्याच उंचीची. ती हलवावी लागली नाही.